वास येत नाही, एवढीच तक्रार

मी एकतीस वर्षं विमा विकला. समोर पोहे खात बसलेल्या धडधाकट माणसाला, त्याच्या बायकोदेखत, उद्या तो नसला तर घरच्यांचं काय, हे गोड आवाजात समजावून सांगायचं आणि त्याने चमचा खाली ठेवला की फॉर्म पुढे सरकवायचा, हा माझा धंदा. जी गोष्ट दिसत नाही तिची भीती किती घालावी आणि कुठे थांबावं, यात आमच्या शाखेत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे आयोवातल्या एका तळघरात, ऐन जानेवारीत, माझ्याच मुलाने माझ्यावर हाच प्रयोग केला तेव्हा राग यायच्या आधी मला कौतुक वाटलं.

आम्ही दोघं सूनबाईंच्या बाळंतपणाला गेलो होतो. गाव डे मॉइनच्या जवळचं. या शहराच्या नावात इंग्रजीत दोनदा 'एस' लिहितात आणि एकदाही उच्चारत नाहीत. तेव्हाच मला समजायला हवं होतं की या राज्यात जे असतं ते कळत नाही. डिसेंबरात नात झाली. आमची व्यवस्था तळघरात होती. पुण्यात तळघर म्हटलं की जुने पाट, फुटके माठ आणि घुशी. अमेरिकेत तळघरात गालिचा असतो, टीव्ही असतो आणि भारतातून आलेले आई-बाप असतात. शेजारच्या खोलीत घर गरम ठेवणारी भट्टी रात्रभर धापा टाकते आणि कोपऱ्यात झाकण घातलेला एक खड्डा असतो, ज्यातला पंप अधूनमधून ढेकर देतो. बाकी शांतता.

या घरात माणसांपेक्षा चुगलखोर यंत्रं जास्त. पहिल्या दिवशी हिने आमटीला फोडणी घातली, तर छतावरची पांढरी बशी असं किंचाळली की शेजारच्यांनी पडदे सारले. बाळाला धुरी द्यायची म्हणून ओवा, वावडिंग आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकला, तर तीन मजल्यांवरच्या तीन बशा एका सुरात. दुसरी एक डबी कार्बन मोनॉक्साइडसाठी. एक यंत्र पाणी गळलं तर फोनवर कळवणारं. मी म्हटलं, चला, निदान सगळ्या संकटांची सोय तरी झाली.

तर एके संध्याकाळी चिरंजीव ऑफिसातून येताना बूटपॉलिशच्या डबीएवढी एक डबी घेऊन आले.

"हे काय?"

"रेडॉनची टेस्ट, बाबा. दोन-तीन दिवस तुमच्या खोलीत ठेवायचीय."

"आमच्याच खोलीत का?"

"सगळ्यात खाली, जिथे माणसं राहतात, तिथे ठेवतात."

"म्हणजे आम्ही माणसं आहोत एवढं तरी ठरलं," ही म्हणाली.

मग त्याने समजावून सांगितलं. जमिनीत सगळीकडे थोडं थोडं युरेनियम असतं. ते कोट्यवधी वर्षं झिजत झिजत रेडियम होतं आणि रेडियमपासून निघतो हा रेडॉन. आयोवाला तो जरा जास्तच. हिमयुगात कॅनडाच्या बाजूने सरकत आलेल्या हिमनद्यांनी तिकडचे खडक भरडले आणि त्याचं पीठ इथे आणून ओतलं. त्या मातीत मका माणसाच्या डोक्यावर जातो, आणि त्याच मातीतून हा वायू वर येतो. राज्यात ९९ काउंटी आहेत आणि ९९च्या ९९ सरकारी नकाशावर लाल. कुठलाही निकाल शंभर टक्के लागला की पुणेकराला संशय येतो, पण हा खरा आहे.

"पण घरात कसा येतो?" मी विचारलं. ग्राहकाने प्रश्न विचारला की अर्धी विक्री झाली, हे माहीत असूनही.

"घरच ओढतं ना. थंडीत आतली हवा गरम, ती वर जाते, छपरातून निसटते. तिची जागा भरायला खालून हवा येते. फरशीच्या भेगा, पाइपाच्या कडा, तो पंपाचा खड्डा, जिथून मिळेल तिथून."

म्हणजे आमचं घर रात्रभर जमिनीला तोंड लावून चिलीम ओढत होतं आणि आम्ही दोघं त्या चिलमीच्या बुडाशी झोपत होतो.

हिने वेगळीच उलटतपासणी घेतली. हिच्या नाकाबद्दल थोडं सांगायला हवं. वाड्यात राहत होतो तेव्हा तिसऱ्या चौकात कुणाचं दूध करपलं हे ही नावानिशी सांगायची. हिच्या जगात जी वस्तू आहे तिला वास आहे; आणि ज्याला वास नाही ते एक तर शिळं झालं नाही, किंवा ते नाहीच.

"वास कसा असतो?"

"नसतो."

"रंग?"

"नाही."

"डोळे चुरचुरतात? खोकला? काहीतरी?"

"काहीच नाही, आई."

"मग आहे हे कुणाला कळलं?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर म्हणून मुलाने एक गोष्ट सांगितली, आणि मी एकतीस वर्षांत इतकी चांगली गोष्ट एकाही ग्राहकाला सांगू शकलो नाही याचं मला अजून वाईट वाटतं. डिसेंबर १९८४. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पात स्टॅनली वॉट्रस नावाचे एक इंजिनिअर कामाला होते. बाहेर पडताना अंगावर किरणोत्सर्ग आहे का हे तपासणारं यंत्र दारात बसवलेलं, आणि ते यांना पाहून रोज भोंगा वाजवायचं. गंमत म्हणजे प्रकल्प अजून सुरूच झाला नव्हता. आत चिकटण्यासारखं काही नव्हतंच. शेवटी एक दिवस ते सकाळी आल्या आल्या, कामाला हात लावण्याआधीच, त्या यंत्रासमोर उभे राहिले. भोंगा वाजला. म्हणजे हा गृहस्थ कारखान्यातून घरी काही नेत नव्हता, घरून कारखान्यात आणत होता! घर तपासलं तर तिथे लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन. दुरुस्ती करावी असं सरकार ज्या पातळीला सांगतं ती आहे ४. घरच्यांनी तातडीने मुक्काम हलवला. महिनोन्महिने खटपट करून ते घर दुरुस्त झालं आणि कुटुंब पुन्हा तिथेच राहायला गेलं. तोवर या वायूची भीती खाणकामगारांपुरती समजली जायची. आपल्या दिवाणखान्यातही तो बसलेला असू शकतो हे अमेरिकेला त्यानंतर कळलं.

ही थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ठेव ती डबी."

पण ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. डबी जमिनीपासून निदान पावणेदोन फूट उंच हवी, खिडकीजवळ नको, भट्टीजवळ नको, न्हाणीघरात नको, स्वयंपाकघरात तर नकोच. या सगळ्या अटी पुऱ्या करणारं खोलीत एकच स्टूल होतं, आणि त्यावर हिचा पुण्याहून आणलेला बाळकृष्ण बसला होता. मी म्हटलं, दोघंही राहतील शेजारी शेजारी. तर हिने बाळकृष्ण उचलला आणि वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला.

"देवाला कशाला तो वायू?"

"आणि आपल्याला?" मी विचारलं. त्याला उत्तर मिळालं नाही.

परीक्षेच्या बारा तास आधीपासून घराच्या खिडक्या बंद, दारं जाण्यायेण्यापुरतीच उघडायची, बाहेरची हवा आत घेणारे पंखे बंद. डबीत कोळशाची भुकटी असते. ती येईल तो रेडॉन धरून ठेवते. मुदत संपली की डबीला पट्टी लावून त्याच दिवशी टपालाने प्रयोगशाळेत धाडायची, कारण रेडॉनचं आयुष्य बेताचं. दर ३.८ दिवसांनी तो निम्मा होतो. पत्र आठवडाभर पडून राहिलं तर पुरावाच पळाला. टपालखात्यावर इतका विश्वास टाकणारा दुसरा वायू मी पाहिलेला नाही.

आठवड्याने फोनवर निकाल आला. ९.६.

आता पिकोक्युरी म्हणजे काय, हे मला वहीत मांडल्याशिवाय पटेना. हिशेब असा निघाला की आमच्या खोलीतल्या दर एक लिटर हवेत मिनिटाला सुमारे एकवीस अणू फुटत होते. ही म्हणाली, "एकवीस? आणि आवाज नाही?" अधिक महिन्यात जावयाला अनारसे तेहेतीस देतात, गणपतीला मोदक एकवीस, आकडा ओळखीचा निघाल्यामुळे हिला एकदम तो वायू घरचा वाटायला लागला.

खरी अडचण पुढेच आहे. रेडॉन स्वतः तसा सज्जन. निष्क्रिय वायू, कुणात मिसळत नाही, कुणाशी भांडत नाही, श्वासाबरोबर आत येतो आणि बहुतेक वेळा तसाच बाहेर जातो. पण तो फुटला की त्यातून पोलोनियम, शिसं, बिस्मथ असे धातूंचे अणू निघतात. ते धुळीला चिकटतात, धुळीबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथेच बसून किरण सोडतात. या अणूंना शास्त्रज्ञ पूर्वी रेडॉनच्या 'मुली' म्हणत.

"मुली?" हिने स्वेटर विणता विणता मान वर केली. "बाप गाव हिंडणार, येईल त्या घरात शिरणार, आणि नुकसान झालं की नाव मुलींचं? हे कुणी ठरवलं?"

"आता 'संतती' म्हणतात आई," मुलाने सावरलं.

"कुणीतरी बाई आली असेल त्या खात्यात."

मी माझ्या मूळ धंद्याकडे वळलो. धोका आहे म्हणता, तर दर काय? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तोही काढून ठेवलाय. ४ पिकोक्युरीच्या घरात जन्मभर राहिलेल्या, कधीच सिगारेट न ओढलेल्या हजार माणसांपैकी साधारण सात जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. ओढणाऱ्या हजारांपैकी बासष्टांना. देशात वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनच्या खात्यावर, असा त्यांचा अंदाज. सिगारेटच्या खालोखाल याचाच नंबर. हे आकडे वाचून माझ्यातला जुना विमेवाला टेबलावर कोपर टेकून बसला. हजारी सात हा काही हसण्यावारी नेण्याचा दर नव्हे. यापेक्षा कमी दराच्या भीतीवर मी मुलाचं इंजिनिअरिंग केलंय. पण त्यात 'जन्मभर' हा शब्द आहे. मी अडुसष्ट वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा. हप्ता भरून निघत नाही.

"बाबा, तुमचं वेगळं," मुलगा शांतपणे म्हणाला. "ती वर्षभरात रांगत खाली येईल. ही तिची खेळायची खोली होणार आहे."

आणि तो थांबला. बरोबर जिथे थांबायचं तिथे. मी चमचा खाली ठेवला.

एका परीक्षेवर विसंबून दुरुस्तीला सव्वा लाख खर्चू नये, दुसरी करावी, असं ठरलं. या वेळी मित्राकडून डिजिटल यंत्र आणलं. ते दर तासाचा आकडा लिहून ठेवतं. दुसऱ्या दिवशी मुलाने आलेख पाहिला आणि जेवणाच्या टेबलावर विचारलं, "पहाटे पाच ते सहा खिडकी कुणी उघडली होती?"

मी आमटीत पाहिलं. हिने भातात पाहिलं. बाहेर उणे १८ असताना पाच वाजता उठून खिडकी किलकिली करणारी या घरात एकच व्यक्ती होती. जन्मात बंद खोलीत न झोपलेली. "जरा हवा घेतली," हिने कबूल केलं, "पाचच मिनिटं." यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे बराच जास्त वेळ. आमच्या संसाराला बेचाळीस वर्षं झाली, पण हिच्या शब्दाविरुद्ध लेखी पुरावा मला पहिल्यांदाच मिळाला. मी त्याचा काहीही उपयोग केला नाही. परीक्षा पुन्हा घेतली. १०.१.

समोर राहणारे एक निवृत्त शेतकरी रोज बर्फ काढताना भेटत. त्यांना रेडॉन हा शब्द उच्चारताच ते असे हसले की मला माझे मेहुणे आठवले. साठ वर्षं याच मातीत राहतोय, मला काय झालं? असं म्हणून त्यांनी फावडं आपटलं. जगाच्या पाठीवर कुठेही जा, हे वाक्य म्हणणारा माणूस हयात असतो. ज्यांना काही झालं ते म्हणायला उरत नाहीत. पण माझं लक्ष त्यांच्या घराच्या कडेने छपरापर्यंत गेलेल्या पांढऱ्या पाइपाकडे होतं. ते काय, विचारलं. म्हणाले, आधीच्या मालकाने लावलाय, कशाला ते ठाऊक नाही, पंखा घोंघावतो म्हणून मी बंद केला. मी काही बोललो नाही. घरी येऊन मुलाला सांगितलं, त्याने जाऊन त्यांना सांगितलं. दोन दिवसांनी त्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. त्यानंतर ते माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलत.

मधल्या काळात वाचताना मला एक भलतंच सापडलं. याच देशात, मोंटाना राज्यात बोल्डर गावाजवळ, जुन्या युरेनियमच्या खाणीत लोक पैसे भरून रेडॉन हुंगायला बसतात. सांधेदुखी जाते म्हणे. खाली बाकं, ब्लँकेटं, पत्त्यांचे डाव, आणि हवेत जितका जास्त रेडॉन तितका मालक खूश. हे मी हिला वाचून दाखवलं ती माझी चूक. हिचे गुडघे गेली दहा वर्षं दुखताहेत.

"म्हणजे लोक ज्याला पैसे मोजतात ते आपल्याला इथे फुकट मिळत होतं?"

"अगं, पण..."

"आणि तो आता पैसे देऊन घालवायला निघालाय."

शेवटी मार्चमध्ये दुरुस्तीचा माणूस आला. त्याआधी नंबरच लागला नाही. आमच्या भागात या कामाला गॅस सिलिंडरसारखी रांग होती. आयोवातल्या दहातल्या सात घरांत आकडा चारच्या वर सापडतो, त्यामुळे मंदी या धंद्याला माहीतच नाही. त्याने भट्टीच्या खोलीत फरशीला पेल्याएवढं गोल भोक पाडलं, हात घालून खालची खडी आणि माती बादलीभर उपसली, त्या पोकळीत चार इंची पाइप उभा केला, पाइप बाहेरून छपराच्या वर नेला आणि मध्ये एक पंखा बसवला. पंपाच्या खड्ड्याला हवाबंद झाकण घातलं, भेगा भरल्या. संध्याकाळच्या चहाच्या आत काम संपलं. हिने त्याला चहा आणि चकली दिली. जमीन खणली म्हणून भोकाला आधी चिमूटभर हळद-कुंकू वाहिलं होतं, ते त्याने पाहिलं आणि अदबीने बाजूला उभा राहिला.

बिल १,४५० डॉलर. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. पुण्यात एवढ्या पैशात बोअर मारून मिळते. पाणी लागत नाही ही गोष्ट वेगळी, पण तीनशे फूट तरी जातात. इथे पेलाभर भोक.

तरी युक्तीला दाद द्यायला हवी. घर जमिनीतून हवा ओढतं ना, मग घराच्या आधी आपणच ओढून घ्यायची. पंखा फरशीखाली घरापेक्षा जास्त ओढ निर्माण करतो, वायू पाइपातून छपरावर जातो आणि मोकळ्या हवेत पांगतो. बाहेर त्याचं प्रमाण लिटरमागे ०.४च्या आसपास, तिथे त्याला कुणी विचारत नाही. मुंगीला मारायचं नाही, साखरेचा डबा गच्चीवर ठेवायचा. पंखा मात्र रात्रंदिवस, बारा महिने चालला पाहिजे.

तो चालतोय हे कळायला पाइपावर इंग्रजी 'यू'च्या आकाराची एक काचेसारखी नळी असते. तिच्यात रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा बंद. एक बाजू वर, एक खाली दिसली तर सगळं ठीक. समानता म्हणजे बिघाड, हे समजून घ्यायला मला तीन दिवस लागले. ती नळी रोज बघायचं काम माझ्याकडे आलं. पुण्याहून मेहुण्यांचा फोन आला, "काय करता हो दिवसभर तिकडे?" मी खरं ते सांगितलं. "नळी बघतो."

"आपल्याकडे नाही बुवा असलं काही," ते समाधानाने म्हणाले. मी त्यांना म्हटलं, आपला सह्याद्रीचा काळा दगड बेसॉल्टचा, त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी; शिवाय तळघरात कुणी झोपत नाही आणि खिडक्या बारा महिने उघड्या. पण तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातली मंडळी वर्षानुवर्षं देशभरच्या घरांत हा वायू मोजताहेत, म्हणजे विषय अगदीच परका नाही. उघड्या खिडकीतून तुम्ही रेडॉन बाहेर घालवता आणि कर्वे रस्ता आत घेता, एवढाच फरक. त्यावर ते म्हणाले, कर्वे रस्त्याचा निदान वास तरी येतो.

एप्रिलमध्ये शेवटची परीक्षा झाली. खिडक्या बंद, डबी स्टुलावर, हिला पहाटे उठायची बंदी. निकाल आला ०.७. हिने वरून बाळकृष्ण आणून पुन्हा स्टुलावर बसवला, त्याला एकवीस बेदाणे ठेवले, आणि त्या रात्री आम्ही अमेरिकेतल्या एका अत्यंत सुरक्षित तळघरात झोपलो. परतीच्या विमानाला अकरा दिवस उरले होते.